भांडी मोजली, नाव राहिलं

शाळेच्या परीक्षा संपल्या, की आमच्या बल्लारपुरात सामानाने भरलेले मेटाडोर दिसायला लागतात. गावाच्या एका अंगाला कागद कारखाना, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी, मधून दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्ग आणि त्यावरचं बल्लारशाह जंक्शन. पोटापाण्यासाठी आलेली माणसं तेलंगणातली, आंध्रातली, बिहारमधली, छत्तीसगडमधली. एका ओळीत चार दारं आणि चार भाषा! कुणाची बदली, कुणाची रिटायरमेंट. उन्हाळा आला की कुणी ना कुणी सामान बांधतंच.

तशी घर हलवायची सवय या गावाला जन्मापासूनचीच. आख्यायिका अशी सांगतात, की पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाची राजधानी सिरपूरला होती. ते आता तेलंगणात येतं. राजाच्या अंगभर गाठी झाल्या, कशानेच बरं वाटेना. राणी म्हणाली, ही जागा सोडू या. मग वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावर किल्ला बांधला आणि आमचं गाव वसलं. पुढे शिकारीला गेलेला तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी प्याला, हात-पाय धुतले आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. अंगावरच्या गाठी गेल्या. राणीनेच पुन्हा सांगितलं, आता इथे शहर वसवा. ते चंद्रपूर. म्हणजे दोन वेळा राजधानी हलली, दोन्ही वेळा ते सुचलं राणीला. गावाला नाव मात्र लागलं बल्लाळशहाचं!

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तिच्यातली गंमत मला कळली ती गेल्या वर्षी मे महिन्यात. आमचं स्वतःचं घर हलवायची वेळ आली तेव्हा.

आमचे हे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि चोवीस वर्षं ज्याला आपलं घर म्हटलं ते क्वार्टर सोडायची तारीख ठरली. जायचं कुठे, याची काळजी नव्हती. २००९ साली गावातच प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर हळूहळू तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी झाली होती. क्वार्टरपासून अंतर जेमतेम दीड किलोमीटर. जो तो म्हणायचा, ‘‘वहिनी, हे तर मागच्या गल्लीत जाण्यासारखं आहे. स्कूटरवर चार चकरा मारल्या की झालं!’’

मैत्रिणींनो, अनुभवाने सांगते, जवळचं घर हलवणंच सगळ्यात कठीण. लांब जायचं असलं की माणूस नीट बांधाबांध करतो, नको ते टाकतो. जवळ जायचं असलं की वाटतं, नेऊ की हळूहळू. मग अर्धं सामान इकडे, अर्धं तिकडे. कढई एका घरात, झारा दुसऱ्या घरात. महिनाभर ना इथलं धड, ना तिथलं. माझ्या एका मैत्रिणीचे असे सव्वादोन महिने गेले. म्हणून मी पहिल्याच दिवशी ठरवलं, एकच दिवस, एकच गाडी. आणि त्यासाठी दोन महिने आधी एक दोनशेपानी वही घेतली.

पण या वहीची कल्पना मला एका जुन्या प्रसंगावरून सुचली होती. तो आधी सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी. नवरा नोकरीवर असतानाच अचानक गेला. तेरावं झालं आणि क्वार्टर रिकामं करायची मुदत डोळ्यांसमोर दिसायला लागली. नियम सगळ्यांना सारखाच, त्यात कुणाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. महिला मंडळातल्या आम्ही चौघी जणी मदतीला गेलो. वहिनींचं स्वयंपाकघर म्हणजे आरसा! कोणत्या डब्यात जवस, कोणत्या डब्यात लाखोळीची डाळ, सरगुंडे किती उरले, पितळेची भांडी किती, माहेरची कोणती, सासरची कोणती, सगळं तोंडपाठ. आम्ही मोजत गेलो आणि त्या सांगत गेल्या. एक चमचासुद्धा कमी भरला नाही.

मग दिरांनी विचारलं, ‘‘वहिनी, दादाच्या फाइली कुठी आहेत?’’

वहिनी नुसत्या बघत राहिल्या.

कपाटाच्या लॉकरची किल्ली सापडायला दोन दिवस गेले. आत एक पासबुक, विम्याच्या दोन पावत्या आणि एक लग्नपत्रिका. बँकेच्या खात्यावर वारस म्हणून नाव होतं ते त्यांच्या सासूबाईंचं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाआधी उघडलेलं खातं. नाव बदलायचं राहूनच गेलं. वाईट बुद्धी कुणाचीच नव्हती. फक्त राहून गेलं. त्या राहून गेलेल्या एका ओळीपायी वहिनींनी वारसाच्या दाखल्यासाठी तहसील, कोर्ट आणि बँक अशा चौदा महिने चकरा मारल्या. त्यातल्या कितीतरी वेळा मी सोबत होते.

सामान गाडीत चढलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘‘ताई, भांडे सारे मोजले मी. पन माहं नाव कुठीच नाही सापडलं.’’

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

आता माझ्या वहीकडे येते. पहिलं पान, तारखा. गाडी केव्हा, रंगकाम केव्हा संपणार, वीज-पाणी केव्हा सुरू होणार. त्यापुढे प्रत्येक खोलीला चार पानं. प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. नेणार, देणार, टाकणार. लिहायला सोपं वाटतं, पण खरं रामायण याच रकान्यांत घडतं!

सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं दगडी जातं मी ‘देणार’मध्ये लिहिलं. त्यांनी ऐकलं आणि जेवणच सोडलं. ‘‘त्याच्यावर मी तुह्या नवऱ्याले पोसलं,’’ म्हणाल्या. मी रकाना बदलला. आमच्या ह्यांची पंधरा वर्षांची दिवाळी अंकांची थप्पी, मुलाची दहावीपासूनची गाइडं, माझ्याच शिवणाच्या कपड्यांचे तुकडे. प्रत्येकाला दुसऱ्याचं सामान अडगळ वाटतं आणि स्वतःचं आठवण! शेवटी नियम केला, की दोन वर्षांत हात लागला नसेल ती वस्तू दुसऱ्याला द्यायची. आणि प्रत्येकाला एक खोका माफ. त्यात काय भरलं, ते कुणी विचारायचं नाही. या एका माफीमुळे घरात निम्मी भांडणं कमी झाली. अंक गावातल्या वाचनालयात गेले, जास्तीच्या सतरंज्या आणि पातेली बचत गटाच्या मैत्रिणींनी नेली, पाळणा अंगणवाडीच्या मदतनीस ताईंच्या सुनेसाठी गेला. देताना एक पथ्य मात्र पाळायचं. फुटकं, गळकं कुणाला द्यायचं नाही. दान आणि कचरा यांत फरक असतो.

बांधाबांध करताना काय कामी आलं, तेही सांगते. खोकी किराणा दुकानातून आणली. साबणाची आणि चहाची खोकी मजबूत असतात. पुस्तकं लहान खोक्यात भरावीत, नाहीतर उचलणाऱ्याची कंबर जाते. मोठ्या खोक्यांत उशा, पांघरुणं. काचसामान आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळल्या. बरणीच्या तोंडावर आधी प्लॅस्टिक, वर दादरा घट्ट बांधला. खोक्यांवर नुसतं ‘स्वयंपाकघर’ लिहून भागत नाही, कारण तशी अकरा खोकी होतात. मी प्रत्येक खोक्याला नंबर दिला, तो दोन बाजूंना लिहिला आणि वहीत नंबरासमोर आतल्या वस्तू लिहिल्या. नव्या घरात प्रत्येक दारावर खोक्यांच्या नंबरांचा कागद चिकटवला. हमालांना विचारायची गरजच पडली नाही. एकूण त्रेचाळीस खोकी झाली.

फ्रिज एक दिवस आधी बंद करून, पुसून, दार थोडं उघडं ठेवून वाळवला. गाडीवाला भाऊ चांगला जाणता होता. म्हणाला, ‘‘ताई, हे आडवं नाही टाका लागत. उभंच न्या लागते. अन्‌ गेल्या गेल्या चालू नका करू, चार-पाच घंटे राहू द्या.’’ कूलरच्या ताट्या मी आधीच काढून टाकल्या, नव्या घरी नव्याच बसवल्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा नव्या घरात आधी काय लागायला हवं, तर कूलर आणि पाण्याचा माठ! गाडी पहाटे पाचला बोलावली होती. अकराच्या आत सगळं उतरवून झालं. हमालांसाठी ताकाचा हंडा आणि कांदा-मीठ-पोह्यांचं पातेलं आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं. उन्हाळ्यात सामान हलवत असाल तर ही दोन कामं विसरू नका, लवकरची वेळ आणि भरपूर पाणी.

एक पिशवी गाडीत टाकायचीच नाही. ती आपल्या हातात. चहा, साखर, दुधाची पावडर, लायटर, एक पातेलं, चार कप, सगळ्यांची औषधं, टॉर्च, मोबाइलचे चार्जर, पाना-पेचकस, एकेक कपड्याचा जोड आणि देवाची डबी. पहिल्या दिवशी त्रेचाळीस खोक्यांपैकी एकही उघडला नाही तरी घर चाललं पाहिजे, एवढंच या पिशवीत.

एवढी तयारी करूनही एका ठिकाणी मी चुकलेच. वहीत सगळ्या वस्तूंची पानं होती, माणसांचं पान नव्हतं.

नव्या घरातली पहिली रात्र. सगळे दमून झोपलो होतो. पहाटे अडीचच्या सुमाराला काहीतरी खरडल्यासारखा आवाज आला. उठून पाहते तर सासूबाई अंधारात भिंतीवरून हात फिरवत उभ्या. जुन्या घरात पलंगावरून उतरून डावीकडे सात पावलं गेलं की न्हाणीघराचं दार होतं. इथे डावीकडे भिंत! त्या बिचाऱ्या दार शोधत होत्या. मी दिवा लावला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘माय, कुठी नेऊन ठेवलं मले?’’ कपडे ओले झाले होते. त्यांना त्याची लाज वाटत होती, आणि मला माझी.

दुसऱ्या दिवशी सगळी खोकी तशीच ठेवून आधी त्यांची खोली लावली. पलंग फिरवला, म्हणजे उतरल्यावर डावीकडेच दार येईल. रात्रीचा छोटा दिवा, भिंतीला धरायला दांडी, समोर त्यांचा जुना देव्हारा आणि जातं. तीन दिवसांत त्या रुळल्या. आता कुणी विचारलं तर मी सांगते, म्हाताऱ्या माणसांना आधी दोन-चार वेळा नव्या घरी न्या, तिथे बसवा, चहा प्यायला द्या. त्यांची खोली सगळ्यात आधी लावा आणि शक्यतो जुन्यासारखी लावा. मुलं चार दिवसांत नवीन घराची होतात. म्हाताऱ्यांना पावलं मोजूनच घर कळतं.

आता कागदांबद्दल. वहिनींचा प्रसंग डोक्यात असल्यामुळे मी एक लाल फाइल केली होती. ती सामानात नव्हती, माझ्या खांद्याच्या पिशवीत होती. आधार, पॅन, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, बँकेची पासबुकं, विमा, मुलांचे दाखले, आईंचे रिपोर्ट, प्लॉटची खरेदी, घरपट्टी, वीजबिल. पत्ता बदलायची ठिकाणंही वहीत लिहिली. गॅस एजन्सी, बँक, आधार, पोस्ट, मतदार यादी. मतदार यादीत पत्ता बदलायला आता आठ नंबरचा फॉर्म भरतात. गॅसचं असं आहे, की गावातच घर बदललं तर सिलिंडर आपलंच राहतं, एजन्सीत पत्ता बदलून घ्यायचा. दुसऱ्या शहरात जायचं असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्यायची, ट्रान्सफरचा कागद घ्यायचा आणि तिथे नवीन जोडणी करायची.

एके दुपारी ही फाइल लावत बसले होते. एकेक कागद वाचत गेले आणि हात थांबला. गॅस माझ्या नावावर. दुधाचं कार्ड माझ्या नावावर. बचत गटाचं पासबुक माझं. आणि घर? खरेदीखत यांच्या नावावर. घरपट्टी यांच्या नावावर. विजेचं मीटरही यांच्याच नावावर. या घराच्या विटांवर मी पाणी मारलं, मिस्त्रीशी हुज्जत घातली, स्लॅबच्या दिवशी अठरा माणसांचा स्वयंपाक केला, मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं गहाण ठेवलं आणि सोडवलं. कागदात मी कुठेच नव्हते. भांडी मोजली, नाव राहिलं!

रात्री जेवणं झाल्यावर विषय काढला. ‘‘अहो, या घरावर माझंही नाव लावू या का?’’

हे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘का? तुला काय कमी पडलं आजपर्यंत?’’

खरं सांगू? काहीच कमी पडलं नव्हतं. म्हणूनच हे विचारणं अवघड होतं. ज्या घरात भांडण आहे तिथली बाई हक्काने मागते. जिथे सगळं बरं चाललंय तिथे मागणारीच वाईट दिसते. दोन दिवस घरात नुसती ‘मीठ दे, पाणी दे’ एवढीच भाषा होती. मलाही वाटायला लागलं, उगाच बोलले. मग तिसऱ्या दिवशी मी त्या वहिनींच्या चौदा महिन्यांचा हिशेब सांगितला. कोणत्या ऑफिसात किती वेळा, बसभाडं किती, कुणापुढे किती वेळ उभं राहावं लागलं. हे ऐकत होते. त्यांचा तो मित्रच होता. शेवटी एवढंच म्हणाले, ‘‘त्याच्याही मनात काही नव्हतं गं.’’ मी म्हटलं, ‘‘तेच तर म्हणतेय मी. मनात होतं, ते कागदावर नव्हतं.’’

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वकिलांकडे चौकशी करून आले.

मैत्रिणींनो, त्या चौकशीत जे कळलं ते तुमच्यासाठी लिहिते. नवऱ्याला राहत्या घरात बायकोचं नाव घालायचं असेल तर बक्षीसपत्र करता येतं. महाराष्ट्रात जवळच्या नात्यात राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. नोंदणी फी आणि स्थानिक संस्थेचा कर मात्र वेगळा लागतो. दुय्यम निबंधक कार्यालयात विचारलं की नेमका आकडा कळतो. नवीन घर विकत घेणार असाल आणि ते फक्त बाईच्या नावावर घेणार असाल, तर १ एप्रिल २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. दोन्हीचा हिशेब घरात बसून करा.

दुसरी गोष्ट वारस-नोंदीची, म्हणजे नॉमिनीची. नॉमिनी झाला म्हणजे पैसा त्याचा झाला, असं नाही. तो पैसा ताब्यात घेऊन खऱ्या वारसांना देणारा. पण नॉमिनी हयात असला, माहितीतला असला तर पैसा अडकत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा. हेही अनेक जणींना माहीत नसतं. ‘सगळं मुलाचंच’ असं आपणच समजून बसतो.

आणि यात काही नवीन मागतोय, असंही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायचा निर्णय राज्य सरकारने २००३ सालीच घेतला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली. २०१६ ची उज्ज्वला योजना आली ती बाईच्याच नावाने गॅस द्यायला. बाईच्या हातात धान्य आणि गॅस सुखरूप राहतो, हे सरकारलाही पटलं. मग घराचंच काय एवढं अवघड?

आमचं बक्षीसपत्र दिवाळीनंतर नोंदलं गेलं. अर्धं घर माझ्या नावावर. अंगठा लावताना, फोटो काढताना मला हसू येत होतं. इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा दोघांचा फोटो आणि दोन साक्षीदार! सगळ्या खात्यांचे नॉमिनी तपासले. माझ्या स्वतःच्या बचत खात्यावर अजून माझ्या वडिलांचं नाव होतं, हेही त्याच वेळी लक्षात आलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी! लगेच बदललं. आता लाल फाइल कुठे आहे, ते घरातल्या चौघांना माहीत आहे. त्यात पहिल्या पानावर यादी आहे. कोणतं खातं, कोणती बँक, कोणाचं नाव.

वास्तुशांतीचा दिवसही सांगायलाच हवा. ती आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात केली. शेजारच्या तेलुगू अक्कांनी हातातली कामं टाकून दूध उतू घालायला मदत केली. पातेल्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘वहिनी, पूर्वेकडून उतू जाऊ द्या, अच्छा होता है!’’ ते उत्तरेकडून गेलं. अक्का म्हणाल्या, चालेल, तेही चांगलंच. आम्ही सगळ्या हसलो.

जेवणाच्या वेळी त्या वहिनी आल्या. आता त्या चंद्रपूरला मुलाजवळ राहतात. येताना गावाकडचे दोन किलो तांदूळ आणि चारोळी घेऊन आल्या होत्या. पाहुण्यांपैकी कुणी माझ्या टाइल्स बघितल्या, कुणी ओटा बघितला, कुणी खिडक्यांच्या जाळ्या. वहिनींनी स्वयंपाकघरात मला एका बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘ताई, घर छान झालं. कागदं कोनाच्या नावानं हायेत?’’

तेव्हा बक्षीसपत्र व्हायचं होतं. मी म्हटलं, ‘‘वकिलांकडे दिलेत, होतील.’’

‘‘होतील नका म्हणू,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘आमचेबी हे तसंच म्हनत होते.’’

दिवाळीनंतर नोंदणी झाली. ऑफिसच्या पायऱ्या उतरल्याबरोबर पहिला फोन मी वहिनींनाच लावला.